विमलचा डावा हात

सर्जननं चादर बाजूला केली, हातमोजा घातलेलं बोट विमलच्या माकडहाडावरच्या काळ्या खपलीच्या कडेला ठेवलं आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"आठ-दहा दिवस झाले असतील," मी म्हणालो.

खोटं बोललो. दीड महिना झाला होता. विमल म्हणजे माझी बायको. ती कुशीवर, भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण बोलता येत नव्हतं, म्हणून माझं खोटं तिथं खपून गेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं खपलीची कड उचलली. आतून जो वास आला त्याबद्दल मी इथं लिहीत नाही.

"प्रेशर सोअर आहे, काका. ग्रेड फोर."

प्रेशर सोअर म्हणजे एकाच जागी दाब पडून पडून झालेली जखम. त्या जागेचं रक्त अडतं आणि मांस आतल्या आत मरतं. पहिल्या ग्रेडला कातडी नुसती लाल होते. तेव्हाच दाब काढला तर बहुतेक वेळा आपोआप बरी होते. चौथ्या ग्रेडला जखम हाडाला भिडलेली असते. जी खपली धरली म्हणून मी मनातल्या मनात खूश होत होतो, ते मेलेलं कातडं होतं. त्याच्या खाली लिंबू मावेल एवढा खड्डा होता.

हे लिहायला मुलीनं मनाई केली होती. वैशाली म्हणाली, बाबा, नका लिहू, लोक काय म्हणतील. अगं बाई, लोक काय म्हणतील याच्याच पायी तर हे सगळं झालं. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल आणि डॉक्टर मोबाइलवर तपासत असतील, तर माझ्यासारखी अक्कल चालवू नका. एवढ्यासाठीच लिहितोय.

मी फोटोग्राफर. शहागंजात चाळीस वर्षं माझा स्टुडिओ होता. लग्नाचे, पासपोर्टचे, शाळेच्या निरोप समारंभाचे, मुलगी दाखवायचे फोटो, सगळे काढले. एखाद्याचा डोळा तिरळा असला की मान कुठल्या बाजूला वळवायची, टक्कल असलं की दिवा कुठं ठेवायचा, फाटकी बाही फ्रेमच्या बाहेर कशी ठेवायची, हे मला झोपेतून उठवून विचारा. माणूस कसाही असो, फोटोत बरा दिसला पाहिजे. या एका गोष्टीवर मी घर चालवलं. स्टुडिओ बंद करून मुकुंदवाडीच्या घरात बसलो, तरी ती खोड हाडात राहिली.

होळी होऊन आठवडा झाला असेल. विमल ओट्यापाशी भाकरी थापता थापता खालीच बसली. मी आधी ओरडलो, असं काय बसलीस, तव्यावरची करपती आहे. मग तिचं तोंड बघितलं. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली होती. त्याला स्ट्रोक म्हणतात. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी बाजू लोंबली आणि वाचा गेली. त्या वाचा जाण्याला डॉक्टर अफेजिया म्हणाले. म्हणजे समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. आयुष्यभर मला ऐकवत आलेली बाई नुसती बघत राहिली.

दवाखान्यातून सोडताना तिथले फिजिओथेरपिस्ट म्हणाले होते, "पहिले काही महिने सोन्याचे आहेत, काका. आता मेहनत घेतली तर काकू काठी धरून घरातल्या घरात चालतील. हे महिने गेले की अवघड आहे." हे मी वैशालीला फोन करून दोनदा सांगितलं. विमललाही मान्य होतं. घरी आल्यावर पहिल्यांदा बेडपॅन दिलं तेव्हा तिनं मोरीच्या दाराकडं बघितलं आणि हमसून हमसून रडली. तेव्हाच मला कळलं, हिला गाव फिरायचं नाही, देवदर्शनाला जायचं नाही. हिला फक्त स्वतःच्या पायानं मोरीपर्यंत जायचंय. पलंगापासून अकरा पावलं. मी म्हणालो, नेतो तुला. दिवाळीच्या आत नेतो.

वैशाली पुण्याला असते, तिची नोकरी, तिची मुलं. तिनं तिकडून मोबाइलवरची होम केअर लावून दिली. दर मंगळवारी अकरा वाजता डॉक्टर मॅडम व्हिडिओ कॉलवर बघणार, इतर तीन दिवस फिजिओ व्यायाम घेणार. "बाबा, दवाखाना तुमच्या हॉलमध्ये येतोय," ती म्हणाली. बाई ठेवूया का असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, माझे हातपाय काय गळून पडलेत का? मला कुणी 'तुम्हाला जमेल का' असं विचारलं की डोकंच फिरतं.

मॅडम वयानं लहान, पण काम पक्कं. पहिल्याच कॉलला त्यांनी सगळं सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदला. एअर मॅट्रेस घ्या. ही हवेची गादी, तिच्यात हवा फिरत राहते आणि दाब एका जागी राहत नाही. खुर्चीत तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. आणि रोज पाठ, टाचा, बैठकीची जागा उजेडात बघा. मी सगळं वहीत लिहून घेतलं. गादी घेतली. कूस बदलायला मोबाइलचा गजर लावला. त्यात मी कसूर केली नाही, हे आजही सांगतो.

घात केला तो मंगळवारनं.

घरी डॉक्टर येणार म्हटल्यावर माणूस आवरून बसतं. मोबाइलवर आली तरी डॉक्टरच की. कॉल अकराचा, मी नऊपासून लागायचो. विमलला पुसून घ्यायचं, पावडर लावायची, अंबाडा घालायचा, कुंकू लावायचं. गाऊनवर साडी गुंडाळून पदर खांद्यावर घ्यायचा. मग तिला उचलून वेताच्या खुर्चीत, खिडकीपाशी. डावा गाल उजेडाकडं, म्हणजे लोंबलेली बाजू सावलीत जाते. पाठीला दोन लोड. ती उजवीकडं घसरायची, मी काखेत हात घालून वर ओढायचो. पुन्हा घसरायची, पुन्हा ओढायचो. मोबाइल स्टुलावर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. फ्रेम छातीपर्यंत.

मग वाट बघणं. मोबाइलच्या पडद्यावर 'कृपया थांबा, डॉक्टर लवकरच येतील' अशी अक्षरं यायची. अकराचे पावणेबारा व्हायचे, कधी साडेबारा. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसल्यासारखे आम्ही दोघं आमच्याच हॉलमध्ये बसायचो. तिला पलंगावर टेकवलं असतं, कॉल लागल्यावर उठवलं असतं, तर काही बिघडलं असतं का? पण साडी चुरगळली असती. मॅडमना गाऊनमध्ये दिसली असती.

ही एका मंगळवारची गोष्ट असती तर निभावलं असतं. पण नातेवाइकांना चटक लागली. फुलंब्रीहून तिचा भाऊ, सोयगावहून बहीण, पुण्याहून नातवंडं, सगळ्यांना व्हिडिओवरच बघायचं. मी दर वेळी तिला खुर्चीत बसवायचो. आडवी पडलेली विमल मी कुणाला दाखवणार नव्हतो. भाऊ म्हणायचा, "दाजी, आक्का तर लई मस्त दिसायलीय, पहिल्यासारखीच." मला मूठभर मांस चढायचं. तिचं किती मांस उतरत होतं ते दिसत नव्हतं.

ह्या सगळ्यात तिचा डावा हात मला त्रास द्यायचा. तिचं तेवढंच एक अंग धड होतं. कॉल चालू झाला की तो हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायचा. थप थप. मग मागं जायचा, कमरेखाली साडी ओढायचा. पदर सरकायचा, हात फ्रेममध्ये मधोमध यायचा. मला वाटायचं कंटाळली, हट्ट करतेय. स्ट्रोकनंतर माणसं चिडचिडी होतात असं ऐकलं होतं. मी शेजारी बसून तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घ्यायचो आणि खाली, माझ्या मांडीवर दाबून धरायचो. पडद्यावर दिसायचं की नवरा जवळ बसलाय, किती माया. मॅडम एकदा म्हणाल्यासुद्धा, "काका, तुमच्यासारखे केअरटेकर सगळ्यांना मिळोत."

लाल डाग मला दिसला होता. हे लिहायलाच पाहिजे. वैशाखातली उकाड्याची सकाळ होती, पुसताना बैठकीच्या वर, माकडहाडापाशी, रुपयाएवढा डाग दिसला. मी म्हणालो, घामोळं आहे, आणि पावडर मारली. पुढच्या आठवड्यात कातडी सोलली. खोबरेल तेल आणि हळद लावली. मग तिथं काळी खपली धरली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. सुकतंय म्हणालो.

मॅडम दर मंगळवारी विचारायच्या, "पाठीवर, बैठकीवर काही लाल? काही जखम?"

मी दर मंगळवारी म्हणायचो, "काही नाही, एकदम साफ."

एकदा त्या म्हणाल्या, "काका, जरा कॅमेऱ्यात दाखवता का? एकदा बघून घेते." मी म्हणालो आता खुर्चीत बसलीय, पुढच्या वेळी दाखवतो. पुढच्या वेळी म्हणालो नेट बरोबर नाही. खरं कारण वेगळं होतं. बायकोची उघडी कंबर मी मोबाइलवर दाखवायची? मॅडम बाईमाणूस होत्या, मान्य. पण चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की एकदा काढलेलं चित्र कुठं कुठं फिरतं, कोण कोण बघतं. माझ्या काउंटरवर लोकांनी विश्वासानं दिलेल्या निगेटिव्ह चार टवाळांनी उजेडाला धरून बघितलेल्या मला माहीत आहेत. मी गप्प बसलो होतो. तेच डोक्यात होतं. आणि दुसरंही एक होतं. घामोळं मी ओळखू शकत नाही, असं कुणी म्हणायला नको होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून नसीम आपांचं घर. तीस वर्षं विमलची पोलकी त्यांनीच शिवली. त्या लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेल्या होत्या, चार महिने तिकडंच राहिल्या. तिथून त्याही व्हिडिओवर बोलायच्या आणि 'माशाल्ला, चेहरे पे कितना नूर है' म्हणायच्या. परत आल्या त्या दिवशी बॅग घरात टाकून थेट आमच्याकडं. विमल खुर्चीतच होती, भावाचा कॉल नुकता झाला होता. आपांनी वाकून तिला मिठी मारली आणि कसला तरी वास आल्यासारख्या तशाच थांबल्या. मग सरळ झाल्या, मला म्हणाल्या जरा बाहर बैठो, आणि दार लोटलं.

मी ओसरीत बसलो. पाच-सात मिनिटं झाली असतील. आपा बाहेर आल्या, डोळे पुसत.

"भाईसाब, भाभी की पीठ कब देखे थे?"

"रोज बघतो, आपा."

"तो फिर क्या देखे?"

त्यांनीच रिक्षा आणली, त्यांनीच विमलला कुशीवर धरून मांडीवर घेतलं, आणि आम्ही जालना रोडवरच्या एका दवाखान्यात आलो. तिथून पुढचं सुरुवातीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डीब्राइडमेंट झालं. म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं, जिवंत मांसाला रक्त सुटेपर्यंत. मग रोज ड्रेसिंग. पहिल्या ड्रेसिंगला सिस्टर विमलच्या कानाशी वाकून म्हणाली, "काकू, बोलता येत नाही ना? लई दुखलं तर हातानं खाटेवर वाजवा, मी थांबते."

सिस्टरनं कापूस लावला. विमलचा डावा हात खाटेच्या दांड्यावर आपटला. थप थप.

तो आवाज मी ओळखला. तीन-चार महिने ऐकला होता. सिस्टर थांबली, "बरं बरं, हळू करते," म्हणाली. एवढंच करायचं होतं. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि जन्मात कधी रडलो नव्हतो तसा रडलो. ती दर मंगळवारी मॅडमना सांगत होती. वेळच्या वेळी, डॉक्टरच्या तोंडावर, तिला जसं येत होतं तसं. आणि मी तिचं तोंड दाबावं तसा तिचा हात दाबून धरत होतो.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा कॉल आला. मला वाटलं झापतील, झापायलाच पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे, काका. मी अडून बसायला हवं होतं. तुम्ही काकूंना इतकं छान दाखवत होता की मी बघतच नव्हते." मी म्हणालो, मॅडम, तुम्ही विचारलं होतं, खोटं मी बोललो.

सर्जननी नंतर मला बसवून समजावलं. जखम गादीवर झाली नव्हती, खुर्चीत झाली होती. बसलेलं माणूस घसरतं आणि आपण त्याला वर ओढतो, तेव्हा कातडी एका जागी राहते आणि आतलं मांस खेचलं जातं. ह्याला शिअर म्हणतात. मी विचारलं, म्हणजे बघा, मी ओढायचो त्यानं? ते म्हणाले, एकाच कारणानं होत नाही, काका, शुगर पण आहे, वजन उतरलंय. चांगला माणूस. पण मान त्यांनी हो अशीच हलवली होती.

दोन महिने ती कुशीवर आणि पालथी होती. जखम भरत आल्यावर फ्लॅप सर्जरी केली. म्हणजे शेजारचं चांगलं मांस आणि कातडी सरकवून खड्डा झाकायचा. त्याच्यानंतर पुन्हा कित्येक आठवडे बसायचं नाही, उभं राहायचं नाही. नसीम आपा एक दिवसाआड डबा घेऊन यायच्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जखमेपायी व्यायाम बंद पडला होता तो पडलाच. उजवा गुडघा आखडला. त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, सांधा वाकलेल्या अवस्थेत धरून बसतो. दिवाळीच्या आठवड्यात फिजिओ घरी आले, पाय हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "काका, आता उभं राहण्याची आशा नका धरू. पलंगावरून खुर्चीत नीट जाता आलं तरी पुष्कळ." सोन्याचे महिने संपले होते. पलंगापासून मोरी अकरा पावलंच आहे. मी रोज चालतो ती.

आता आमचा मंगळवार असा असतो. विमल पलंगावर, गाऊनमध्ये, मॅडमचा कॉल लागला की मी सगळ्यांत आधी तिला कुशीवर करून पाठ दाखवतो. खिडकीचा उजेड पाठीवर घेतो. तेवढं तरी येतं मला. केस विंचरलेले असले तर असतात, नसले तर नसतात. मॅडमनी हाताची बोली ठरवून दिली आहे. एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. प्रश्न मॅडम विचारतात आणि मी तोंड मिटून बसतो. हे सगळ्यांत अवघड. पहिल्या दिवशी दुखतंय का विचारलं तर सवयीनं मीच नाही म्हणालो. विमलनं एक थाप मारली. मॅडम म्हणाल्या, "काका, मी काकूंना विचारलंय."

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मोबाइलच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, त्यांना तुम्ही दाखवाल तेवढंच दिसतं. लाज वाटेल तेच आधी दाखवा. लाल डाग दिसला तर त्याला आपल्या मनानं नाव देऊ नका. आणि तुमच्या माणसाला बोलता येत नसलं, तरी ते कशानं तरी सांगत असतं. त्याच्या वतीनं बोलायची घाई करू नका.

नसीम आपांचे उपकार फिटणारे नाहीत. त्या सिस्टरचं तर मी नावही विचारलं नाही, तेही राहूनच गेलं.

हे लिहायला घेतलं त्या सकाळी मी विमलपाशी बसलो. घरात आम्ही दोघंच. मनात किती दिवस होतं, धाडस होत नव्हतं. तिला म्हणालो, "विमल, माझ्यावर राग आहे का तुझा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात उचलला आणि पलंगाच्या दांड्यावर आपटला. एकदा. मी दुसऱ्या थापेची वाट बघत राहिलो, आणि तिचा हात तसाच दांड्यावर राहिला. मी त्याला हात लावला नाही.